मुंबईत जेवावे कोठे? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यायालयीन कामासाठी, वैद्यकीय उपचारासाठी अथवा आप्तेष्टांच्या लग्नकार्यासाठी जो मनुष्य चार दिवस मुंबईत उतरतो, त्याच्या मुक्कामाचा बंदोबस्त बहुधा आधीच झालेला असतो. जेवणाचा प्रश्न मात्र तो दैवावर किंवा समोर दिसेल त्या फलकावर सोपवून मोकळा होतो. मग बेचव अन्न आणि भरमसाट बिल पदरी पडले की दोष शहराला दिला जातो. वस्तुतः या शहरात प्रत्येक ऐपतीच्या माणसासाठी उत्तम जेवण आहे. परंतु ते हुडकताना आपण ज्या समजुतींवर विसंबतो, त्या एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल.

गैरसमज : जेथे गर्दी, तेथे उत्तम अन्न.

वस्तुस्थिती : गर्दी हा पुरावा खरा, पण ती कोणाची आहे याची शहानिशा केल्यावाचून तो ग्राह्य धरता येत नाही. मोठ्या रेल्वे स्थानकाच्या तोंडाशी अथवा गेटवेच्या परिसरात जी झुंबड दिसते, तिच्यातील बहुतेक जण त्या दाराशी पुन्हा कधी येणारे नसतात, आणि म्हणून निकृष्ट अन्न वाढल्याची शिक्षा मालकास सहसा भोगावी लागत नाही. उलट, फोर्टातील एखाद्या गल्लीत दुपारी एकच्या सुमारास बँकांतले कारकून आणि कोर्टातले वकील ज्या भोजनालयासमोर तिष्ठत उभे असतात, तेथे आमटी आठवडाभर बिघडली तर पुढच्या आठवड्यात गल्लाच ती फिर्याद मालकाच्या कानी घालतो.

मुंबईच्या पुष्कळशा नामांकित खाद्यसंस्था अशा रोजच्या भुकेतूनच जन्मास आल्या आहेत. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना घरगुती खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांनी महिन्याच्या बोलीने जेवू घातले, आणि अशा स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबांची आणि नोकरदारांची वस्ती वाढली, तेव्हा तेथील स्थानकालगत १९४२ साली रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग उभे राहिले. धोबी तलावाचे कयानी हे इराणी उपाहारगृह त्याहून जुने, १९०४ सालचे. तात्पर्य, ज्या वस्तीत ज्या समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या राहिले, तेथे त्याच समाजाचे अन्न शोधावे. दाक्षिणात्य भोजनासाठी माटुंगा, मालवणी माशांसाठी दादर-गिरगाव आणि कबाबांसाठी मोहम्मद अली रोड.

गैरसमज : पंचतारांकित म्हणजे भोजनही सर्वश्रेष्ठ.

वस्तुस्थिती : हॉटेलांना हे तारे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणानुसार मिळतात, आणि त्यात खोल्या, सोयी, सुरक्षितता व सेवा यांची तपासणी असते, आमटीच्या फोडणीची परीक्षा त्यात नसते. ‘मिशलिन’चे तारे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय. मोटारींचे टायर बनविणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात १९२६ पासून उपाहारगृहांना तारे देण्याचा प्रघात पडला. परंतु भारतातील एकाही उपाहारगृहास तिने आजवर तारा दिलेला नाही. शिवाय हा तारा उपाहारगृहाचा असतो, आचाऱ्याचा नव्हे. सबब, लंडनमध्ये तारा मिळविलेल्या आचाऱ्याने मुंबईत नवे दालन उघडले म्हणून तो तारा त्याच्याबरोबर येत नाही.

गैरसमज : पदार्थांची यादी जितकी लांब, तितके हॉटेल मोठे.

वस्तुस्थिती : पंजाबी, चिनी, दाक्षिणात्य आणि पावभाजी असे शेदोनशे पदार्थ एकाच मुदपाकखान्यातून निघत असतील, तर त्यांतील बरेचसे अगोदरच अर्धवट शिजवून किंवा गोठवून ठेवल्याखेरीज चालकास गत्यंतर नसते. जेथे मोजकेच पदार्थ होतात, तेथे सकाळी आणलेला जिन्नस सायंकाळपर्यंत संपून जातो. मात्र अशा ठिकाणांच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी चार वाजता थाळी मागणाऱ्याने खाणावळीवर रुसण्यात अर्थ नाही.

गैरसमज : वातानुकूलित दालन स्वच्छ, साधी खाणावळ अस्वच्छ.

वस्तुस्थिती : २००६ चा अन्नसुरक्षा कायदा दोहोंनाही सारखाच बंधनकारक आहे. प्रत्येक उपाहारगृहाने आपला १४ अंकी परवाना अथवा नोंदणीपत्र दर्शनी जागी लावावयाचे असते. या दस्तऐवजाने चवीची हमी मिळत नाही. पण तो लपविणाऱ्याविषयी संशय घेण्यास पुरेसे कारण मात्र मिळते. हात धुण्याची जागा, पाण्याचे पिंप आणि वाढप्याच्या खांद्यावरील फडके या तीन गोष्टी भिंतीवरील संगमरवरापेक्षा अधिक बोलतात.

गैरसमज : मुंबईत ताजे मासे बारमाही मिळतात.

वस्तुस्थिती : जून-जुलै हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्याने या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते. त्या सुमारास पानात येणारे पापलेट बहुधा बर्फातले किंवा परप्रांतातून आलेले असते. जाणकार मनुष्य अशा वेळी सोडे, सुके बोंबील अथवा खाडीची मासळी मागतो, आणि चांगला मालवणी खाणावळवालाही त्याला तोच सल्ला देतो.

गैरसमज : बिलातील ‘सेवाशुल्क’ हा सरकारी कर आहे.

वस्तुस्थिती : कर तो वस्तू व सेवा कर; सेवाशुल्क ऐच्छिक आहे. ते परस्पर बिलात मिळवू नये, असा दंडक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये घालून दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो कायम केला. मालक ऐकत नसेल, तर १९१५ या ग्राहक-साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविण्याची मुभा आहे.

राहता राहिला विचारपूस करण्याचा प्रकार. ‘येथे चांगले हॉटेल कोणते?’ असे विचारले, तर मुंबईकर पाहुण्याच्या प्रतिष्ठेला शोभेल असे एखादे महागडे नाव सांगून मोकळा होतो, आणि लॉजचा व्यवस्थापक कदाचित आपल्या दलालीचा हिशेब मनात धरून उत्तर देतो. त्यापेक्षा जवळच्या बँकेतल्या शिपायाला किंवा औषधांच्या दुकानदाराला, ‘घरून डबा आला नाही, तर तुम्ही स्वतः कोठे जेवता?’ असे विचारावे. तो ज्या जागेचे नाव घेईल, तेथे त्याला उद्याही जावयाचे असते. त्यामुळे तिच्याविषयी खोटे सांगण्याचे त्याला प्रयोजन नसते.