थंड पद्धतीच्या साबणाचा साचा झाकावा की उघडा ठेवावा?

पेठ व सुरगाणा तालुक्यांत मोह विपुल आहे. मोहाचे तेल व खोबरेल यांचा घरगुती साबण करणाऱ्यांनी पुढील गोष्ट ध्यानी घ्यावी.

तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने उष्णता उत्पन्न होते. साच्यातील साबण सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास तो खळीसारखा अर्धपारदर्शक होतो. यास जेल अवस्था म्हणतात. ती आल्यास वडी लवकर घट्ट होते. न आल्यासही साबण होतोच, मात्र अधिक दिवस लागतात.

खरा दोष अर्धवट जेलचा. निफाडकडील पौषाच्या थंडीत साच्याच्या कडा निवतात, मध्यभाग तापतो व वडीत गडद वर्तुळ उमटते. असा साबण मळ काढतो, परंतु गिऱ्हाईक तो नाकारते. म्हणून हिवाळ्यात साचा गोणपाट व घोंगडीने एक दिवस गुंडाळावा. शेळीचे दूध घातलेला साबण मात्र उष्णतेने तपकिरी पडतो. तो लहान साच्यांत, थंड जागी, उघडा ठेवावा.

जेलमुळे सोड्याचे चुकलेले प्रमाण सुधारत नाही. १ किलो खोबरेलास सुमारे १८० ग्रॅम, तर तितक्याच मोहाच्या तेलास सुमारे १३५ ग्रॅम शुद्ध सोडा लागतो. ग्रामसेवकांनी वजनकाट्याचा आग्रह धरावा. दोन्ही रीतींत वड्या ४ आठवडे सावलीत वाळवाव्यात.