हत्ती केवढा, उंदीर केवढा?

बाजारातील अंकलिपी उघडावी, तर पानावर सारख्या मापाचे चौकोन आखलेले दिसतात. एका चौकोनात हत्ती, दुसऱ्यात उंदीर. दोघांनीही आपापली चौकट सारखीच व्यापलेली. अक्षरओळखीपुरती ही सोय ठीक आहे. परंतु ज्या बालकाने हत्ती कधी पाहिलेला नाही, त्याला हत्तीचा मोठेपणा या पानावरून कसा उमगावा?

लहानमोठेपणा हा मुळात एकट्या वस्तूचा गुण नव्हेच; तो दोन वस्तूंमधील संबंध होय. शेळी कोंबडीपुढे मोठी, म्हशीपुढे लहान. मारिया माँटेसरी यांनी हे मर्म जाणले होते. त्यांच्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे १ ते १० सेंटिमीटरपर्यंत क्रमाने वाढत जातात. लाल दांड्यांची जाडी मात्र कायम, केवळ लांबी बदलते. एका वेळी एकच फरक, आणि तोही हाताला जाणवणारा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा हेच तत्त्व त्यांनी परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंतून खेड्यात नेले.

चित्रपुस्तकाचे स्थान या हाताळणीनंतरचे. मात्र त्यानेही काही पथ्ये पाळावयास हवीत. उंदीर, मांजर आणि हत्ती एकाच पानावर, एकाच प्रमाणात यावेत. हत्ती पानात मावत नसेल, तर त्याचा केवळ पाय दाखवावा. त्या अपुरेपणातूनच त्याचा प्रचंडपणा मुलास कळेल. शेजारी ओळखीचे एखादे मूल उभे असावे. शिवाय 'लहान-मोठा' या एकाच जोडीवर भागवू नये. उंच-ठेंगणा, लांब-आखूड, रुंद-अरुंद, जाड-बारीक अशी शब्दसंपत्ती मराठीत असताना ती पुस्तकातून वगळणे हा करंटेपणा आहे.

अर्थात, डोळा फसतोच. तेच पाणी अरुंद, उंच पेल्यात ओतले की साधारणतः सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना ते वाढल्यासारखे वाटते, हे पियाजे यांनी दाखवून दिले. म्हणूनच पुस्तकाशेजारी तांब्या-पेला आणि बोलणारे वडीलधारे माणूस हवे.

१९७५ पासून अंगणवाड्या चालू आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचे वय हा शिक्षणाचा पाया मानला आहे. या पायासाठी पुस्तके निवडणाऱ्यांनी किंमत आणि कागद पाहण्यापूर्वी एवढेच पाहावे, की त्यातील हत्ती उंदराएवढा तर नाही ना!