दवाखाना जवळ, तरी गरोदर बाईला उशीर का होतो? पाड्यांनी आधीच काय ठरवून ठेवावं

मुंबई उपनगर जिल्हा म्हटलं की उंच इमारती आणि लोकल डोळ्यांसमोर येते. पण अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या याच जिल्ह्यात आदिवासी पाडेही आहेत. आरे परिसरात आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. मोठी रुग्णालयं इथून फार लांब नाहीत. तरीही रात्री कळा सुरू झाल्या की घरच्यांची धावपळ होते. काही पाड्यांत गाडी दारापर्यंत पोचत नाही, वाटेत अंधार असतो आणि बिबट्याची भीतीही असते.

उशीर तीन ठिकाणी होतो

माता का दगावतात याचा अभ्यास करून सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये ‘तीन उशीर’ मांडले. पहिला उशीर घरात होतो, कारण जायचं की थांबायचं हेच ठरत नाही. दुसरा वाटेत, गाडी आणि रस्त्यामुळे. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर, उपचार सुरू होईपर्यंत.

एकेक मिनिट महत्त्वाचं का, हे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरून कळतं. रक्त थांबलं नाही तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशात हे प्रमाण ९७ होतं. राज्याचा आकडा चांगला आहे, पण तो सरासरीचा आहे. कोणत्या पाड्यावर काय हाल आहेत, ते त्यात दिसत नाही.

घरात आधीच ठरवा

‘बघू सकाळी’ म्हणण्याआधी ही लक्षणं सगळ्यांना, विशेषतः सासूबाई आणि नवऱ्याला, माहीत हवीत: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहरा-हात सुजणं, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एकही दिसलं तर लगेच निघायचं.

वाटेसाठी: १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. गाडी दारात येत नसेल तर ती कुठल्या नाक्यावर किंवा फाटकावर थांबेल, तिथपर्यंत बाईला कोण नेईल, टॉर्च कोणाकडे असेल, हे आठव्या महिन्यातच ठरवा. फोन करताना पाड्याच्या नावासोबत जवळची ठळक खूणही सांगा. शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबरही मोबाईलमध्ये ठेवा.

दवाखान्यासाठी: नावनोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करा. तपासणीचं कार्ड, आधार आणि बँक पासबुक एका पिशवीत ठेवा. कार्डावर रक्तगट, हिमोग्लोबिन आणि बीपी लिहिलेलं असलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

पैशांची चिंता किती करायची?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी आरोग्य संस्थेत बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि प्रवास मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या महिलांना दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. पाडा जंगलात असला, तरी महापालिकेच्या हद्दीत असल्यास शहरी दर लागू होतो. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र महिलांना ५,००० रुपये मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये आहेत. अर्जासाठी अंगणवाडी किंवा आशाताईंना भेटा.

पाड्यापर्यंत पक्का रस्ता व्हायला वेळ लागेल, आणि त्याची मागणी सोडायची नाही. पण घरातला उशीर आजपासून कमी करता येतो. तुमच्या पाड्यावर कोणी गरोदर असेल तर आज संध्याकाळीच तिच्या घरी जा आणि विचारा, ‘रात्री कळा आल्या तर गाडी कुठे बोलवायची, ठरलंय का?’