डासांचीही होते तपासणी!

‘डासांची तपासणी? अगं, रक्त आपलं तपासायचं की डासाचं?’ बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला, तशा सगळ्याजणी हसायला लागल्या. मलाही पूर्वी हसूच आलं असतं.

पण मैत्रिणींनो, मला २००६ ची ती सकाळ आठवते. चिकुनगुन्याची साथ होती. मी घरात नवीन सून. सासूबाई पलंगावरून उठूच शकेनात. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटं कित्येक महिने वळली नाहीत. भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला तो थांबलाच.

पुढे एकदा वाचनात आलं, की पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली पकडलेल्या डासांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला चिकुनगुन्याचा विषाणू सापडला होता. १९७३ च्या बार्शीच्या साथीतला विषाणू आशियाई वंशाचा होता. यवतचा मात्र आफ्रिकन वंशाचा निघाला, म्हणजे २००६ च्या साथीत आढळला त्याच वंशाचा! मोठी साथ यायच्या कितीतरी आधी तो आपल्याकडच्या डासांत येऊन बसला होता. वाचून मी सुन्नच झाले.

ही तपासणी होते तरी कशी? घराघरांतून डास नळीने अलगद ओढून घेतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. तिथे जात ओळखून नर-मादी वेगळे करतात, कारण चावते ती मादीच. मग एकाच जातीच्या बऱ्याच माद्या एकत्र घोटून त्या द्रावणात विषाणू शोधतात. कोरोनात आपल्याला पाठ झालेली आरटीपीसीआर इथेही वापरतात. गटातली एखादीच मादी बाधित असली तरी विषाणूचा माग लागू शकतो.

आता माझीच गोष्ट सांगते. मध्यंतरी आमच्या गल्लीत डास-अळ्या बघायला माणसं आली. मी दारातूनच म्हटलं, ‘आमच्याकडे स्वच्छता असते हो!’ त्यांच्यातली एक मुलगी गोड हसून म्हणाली, ‘काकू, फ्रिजच्या मागचा ट्रे बघू का?’ ट्रे काढला, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या! अशी लाज वाटली म्हणून सांगू!

प्रयोगशाळा कितीही मोठी असली, तरी डास मिळतात ते आपल्याच घरात. आपणच दार लावून घेतलं तर त्यांनी तपासायचं काय? म्हणून ओळखपत्र बघा आणि खुशाल आत घ्या.

आणि रिपोर्टची वाट बघत बसू नका. आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, ट्रे रिकामे करा, आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात.

आमच्याकडे शुक्रवार ठरलाय. सासूबाई खुर्चीत बसून आठवण करतात, ‘अगं, ट्रे घासलास का?’