भोर-वेल्ह्यातील आदिवासी : आरोग्य, उपजीविका व ग्रामसभा

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत महादेव कोळी व कातकरी या आदिवासी जमातींची वस्ती आहे. पैकी कातकऱ्यांचा परंपरागत व्यवसाय खैरापासून कात काढण्याचा. वनकायद्यांच्या निर्बंधांनी तो खुंटला व त्यांस वीटभट्टी, कोळसाभट्टीची मजुरी पत्करावी लागली. मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंब हंगामभर बाहेर जाते. मुलांचे लसीकरण, गर्भवतींची तपासणी व शिक्षण ही तिन्ही खंडित होतात. आरोग्याचा प्रश्न येथे मुळात उपजीविकेचा आहे.

स्वशासनाची अडचण निराळी. जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतात; भोर व वेल्हे मोडत नाहीत. म्हणून १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही, आणि लहानशा वाडीचा आवाज ग्रामसभेत क्षीण राहतो. २००६ चा वनहक्क कायदा मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेरही चालतो. त्याच्या नियमांनुसार ग्रामसभेने निवडावयाच्या १० ते १५ जणांच्या वनहक्क समितीत किमान दोन-तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातींचे व किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

तथापि दावा मांडण्यास पुरावे, नकाशे व चिकाटी लागते. स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) वेल्हे परिसरात उभारलेल्या स्त्रियांच्या बचत गटांसारख्या कार्याचे महत्त्वही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. अडीनडीस गटाचे कर्ज मिळाले तर उचल टळू शकते. उचल टळली तर कुटुंब गावी राहते. आणि गावी राहिलेले कुटुंबच ग्रामसभेत बसू शकते.