शेजारी लेआऊट मंजूर झाला, आता कोर्टात जाता येतं का?

म्हसा म्हटलं की आधी जत्रा आठवते. पण जत्रेचा हंगाम सोडला तर मुरबाड-शहापूरकडे चर्चा असते ती जमिनीची आणि प्लॉटची. आपल्या घरांत त्यातून दोन प्रश्न येतात. कुणाच्या विहिरीला, शेताला किंवा कब्रस्तानच्या वाटेला लागून लेआऊट पडतो. कुणी आखातातल्या कमाईतून प्लॉट घेतो आणि परवानगीच कच्ची निघते. अशा मंजुरीला आव्हान देता येतं का? येतं. फक्त मुदत आणि मुद्दा दोन्ही बरोबर हवेत.

पहिली संधी आराखड्याच्या वेळी मिळते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. गावांसाठी प्रादेशिक योजना असते, तिची मुदत नोटिशीतच दिलेली असते. कब्रस्तान, वहिवाटीचा रस्ता, ओढा नकाशावर दाखवलाय का, हे तेव्हाच बघायचं. जमातीने मिळून लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं पुढे कोर्टात दाखवता येत नाही.

परवानगी निघाल्यावर मामला अवघड होतो. कलम ४७ चं अपील फक्त अर्जदाराला, म्हणजे बांधकाम करणाऱ्याला आहे, तेही ४० दिवसांत. शेजाऱ्याला ते नाही. त्याने नियोजन प्राधिकरणाकडे तक्रार करावी. कलम ५१ खाली प्राधिकरण दिलेली परवानगी रद्द करू शकतं किंवा बदलू शकतं. आदेश महसूल अधिकाऱ्याचा असेल तर जमीन महसूल संहितेखाली अपील आहे. अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालचा असेल तर मुदत ६० दिवस, एरवी ९० दिवस. बिनशेतीचे नियम वरचेवर बदलत आलेत, म्हणून आदेशाची प्रत काढून तो कोणत्या कलमाखाली आहे ते आधी वाचा. कब्रस्तान वक्फ म्हणून नोंदलेलं असेल तर वक्फ मंडळालाही लेखी कळवा.

शेवटचा दरवाजा म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. इमारत गावाला शोभते की नाही, हे न्यायालय ठरवत नाही. अधिकार नसताना परवानगी दिली का, नोटीस-सुनावणी टाळली का, कायदा मोडला का, एवढंच तपासतं. इंग्लंडमध्येही तसंच आहे. तिथेही शेजाऱ्याला अपील नाही, फक्त न्यायालयीन तपासणी मागता येते, आणि त्यासाठी जेमतेम सहा आठवडे मिळतात.

आपल्याकडे रिटला ठरावीक मुदत नाही. म्हणून निवांत बसू नका. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींबाबतचा नियम २००१ मध्ये बदलला, याचिका २००५ मध्ये झाली. उच्च न्यायालयात याचिकादार जिंकले, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. झालेल्या उशिराचा मुद्दाही त्यात होता. पाया खणायच्या आधी गेलेला माणूस आणि स्लॅब पडल्यावर गेलेला माणूस, दोघांकडे न्यायालय सारखं बघत नाही.

घेणाऱ्यांनी वरळीचं कॅम्पा कोला विसरू नये. परवानगी पाच मजल्यांची होती, मजले त्याहून कितीतरी जास्त चढले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदाच धरले. पैसे भरून वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना त्याची झळ बसली.

म्हणून बयाणा देण्याआधी सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश आणि मंजूर लेआऊट बघा. प्लॉट प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेरा नोंदणी मागा. जमीन मूळ आदिवासी खातेदाराची असेल तर कलम ३६-अ ची परवानगी आहे का, ते विचारा. ती नसेल तर स्वस्त प्लॉट सर्वात महाग पडतो.

कागद मिळाला की त्यावरची तारीख आधी बघा आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.