गहाण सुटल्यानंतर

कर्जाच्या कागदाची किंमत नगर जिल्ह्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि पाहता पाहता तो वणवा पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतील गावांपर्यंत येऊन पोहोचला. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावात माणसांना इजा तुलनेने थोडी झाली. लोकांचा रोष होता तो खतांवर. कर्जरोखे आणि गहाणखते सावकाराकडून मागून घेतली जात, आणि गावासमोर त्यांची होळी केली जाई.

हे सावकार बहुतांशी मारवाडी आणि गुजराती होते. त्यांत जैन कुटुंबेही होती. समाजाच्या इतिहासातील हे पान सहसा उलटले जात नाही, परंतु ते झाकून ठेवण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, त्यातच सरकारने शेतसाऱ्याची आकारणी वाढवली आणि शेतकरी कात्रीत सापडला. भरीस भर म्हणून 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. ऋणकोच्या हितासाठी केलेल्या या कायद्याचा परिणाम उलटाच झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. किती दिले, किती राहिले, याचा हिशेब एकाच बाजूच्या वहीत असे. पुढे चौकशी आयोग बसला आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतामागचा खरा व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. तसेच भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

काळाचा फेरा असा, की ज्यांचे पणजोबा गादीवर बसून खते लिहून घेत, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज सावेडीत किंवा केडगावात घर घेण्यासाठी आपले मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत ठेवून वीस-वीस वर्षांचे ऋणको होतात. ते कर्ज मुदतीपूर्वी फेडावे काय आणि फेडल्यावर पुढे काय करावे, हा प्रश्न आता बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा उभा राहतो.

प्रथम आकडा पाहावा. 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतलेल्या 25 लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 22,493 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 18,750 रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते ते अवघे 3,743 रुपये. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता साडेतेरा लाख रुपये भरल्यावर खातेउतारा काढला, तर शिल्लक सुमारे 22 लाख 18 हजार दिसते. अनेकांना हा बँकेचा घोटाळा वाटतो. तो घोटाळा नाही. घटत्या शिलकीवरील व्याजाचे गणितच तसे आहे. सुरुवातीस मुद्दल मोठे असल्याने व्याजही मोठे, आणि म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा रुपया सर्वांत जास्त काम करतो. याच टप्प्यावर 3 लाख रुपये एकरकमी भरून हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या 180 हप्त्यांपैकी सुमारे 43 हप्ते गळतात. म्हणजे 3 लाखांनी पावणेसात लाखांच्या आसपास व्याज वाचवले. मात्र जादा रक्कम भरताना ‘मुदत कमी करावी, हप्ता नव्हे’ असे बँकेस लेखी द्यावे. हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याचा भार हलका होतो, पण व्याजाची बचत बरीच आखडते.

मुदतपूर्व फेडीवर दंड लागेल ही भीती अजूनही अनेकांच्या मनातून गेलेली नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने 5 जून 2012 पासून बँकांना मनाई केली आहे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या, व्यक्तींनी व्यवसायासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांनाही, काही लहान संस्थांचे अपवाद वगळता, हाच नियम लागू होतो. स्थिर दराच्या कर्जाचे करारपत्र मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे.

प्राप्तिकराची वजावट बुडेल म्हणून कर्ज चालू ठेवणारेही पुष्कळ आहेत. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. मिळत असली, तरी तीस टक्के कर वाचवण्यासाठी शंभर टक्के व्याज देणे हा व्यवहार कापड बाजारातला कोणताही व्यापारी गल्ल्यावर मान्य करणार नाही. घराच्या कर्जाला मात्र तो कसा मान्य होतो, हे कोडेच आहे.

तरीही कर्ज फेडण्याची घाई प्रत्येकाने करावी असे नाही. धंदेवाईक कुटुंबाने हाताशी असलेली शेवटची पुंजी घराच्या भिंतीत घातली आणि सहा महिन्यांनी आडत्याचे देणे किंवा घरातले आजारपण समोर आले, तर तेव्हा मिळणारे कर्ज गृहकर्जाहून महाग असते. सहा महिन्यांचा घरखर्च आणि आरोग्यविमा बाजूला काढून उरेल तेवढ्यानेच कर्ज फेडावे. सोने मोडून वा पत्नीच्या स्त्रीधनाला हात लावून बेबाकी दाखला आणण्यात मोठेपणा नाही.

शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले, की बहुतेकांना काम संपले असे वाटते. पुढे घोटाळे होतात ते येथेच. पैसे फिटले तरी कागद सुटलेले नसतात. 1875 मध्ये भांडण कागदाचे होते, आणि 148 वर्षांनी रिझर्व्ह बँकेला त्याच कागदासाठी परिपत्रक काढावे लागले! 13 सप्टेंबर 2023 च्या त्या आदेशानुसार, संपूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदणी केलेला बोजा उठवणे संस्थेस बंधनकारक आहे. संस्थेच्या चुकीने विलंब झाला, तर प्रत्येक दिवसास 5,000 रुपये भरपाई कर्जदारास द्यावी लागते. दस्तऐवज हरवले, तर दुय्यम प्रती मिळवून देण्याचा खर्चही संस्थेचाच. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालेला हा आदेश नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही बांधून घेतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, हे ध्यानी असावे.

कागद परत घेताना कर्ज घेतेवेळी दिलेली दस्तऐवजांची यादी सोबत न्यावी आणि प्रत्येक कागद तिच्याशी ताडून मगच पोचपावतीवर सही करावी. मूळ खरेदीखत, सूची क्रमांक 2, नोंदणीची पावती, आधीच्या मालकांची साखळी खरेदीखते, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भागपत्र यांतील एखादा कागद राहिला, तर त्याची आठवण विक्रीच्या दिवशीच होते. हप्त्यासाठी दिलेली खात्याची संमती रद्द करावी, कोरे धनादेश परत घ्यावेत. आयुर्विम्याची पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल, तर ती पुन्हा आपल्या नावे करून घ्यावी. अन्यथा दावा मंजूर होण्याच्या वेळी विधवेला बँकेचे उंबरठे झिजवावे लागतात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो उतारा. सात-बाराच्या इतर हक्कांत किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचे नाव चढलेले असते. कर्ज फिटले म्हणून ते आपोआप उतरेलच असे धरून चालू नये. बँकेचा दाखला जोडून तलाठी कार्यालयात वा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा लागतो. फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि मगच नाव उतरते. घर नगर भूमापन हद्दीत असेल, तर हेच काम भूमि अभिलेख कार्यालयात होते. वडिलांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाच्या पिढीत उताऱ्यावर तसाच, आणि दाखला देणारी शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली: अशा प्रकरणात घर विकून वडिलांवर शस्त्रक्रिया करण्याचा बेत आठवड्यांवर आठवडे अडून राहतो. बोजा उतरल्यावरचा ताजा उतारा हाती येईपर्यंत कर्ज फिटले असे समजू नये.

त्यानंतर प्रश्न येतो तो मोकळ्या झालेल्या हप्त्याचा. दरमहा 22 हजार रुपये अकस्मात हाती राहू लागले, की दोन महिन्यांत ते कोठे गेले हे कळत नाही. पुढच्या पहिल्या तारखेपासूनच ते दुसरीकडे वळले पाहिजेत. कोठे, हे ठरवताना या जिल्ह्याने अलीकडेच घेतलेला अनुभव विसरता येणार नाही. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. अशा वेळी ठेवविमा महामंडळाचे संरक्षण मुद्दल व व्याज मिळून एका बँकेत एका ठेवीदारास 5 लाखांपर्यंतच असते. पतसंस्थेतील ठेवीस ते मुळीच नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी आणि ओळखीच्या संचालकाच्या शब्दाखातर आयुष्याची पुंजी एका ठिकाणी ठेवणे, हे कर्जापेक्षाही मोठे ओझे ठरू शकते.

घर निर्वेध झाले, की ते पुढे कोणाकडे जाणार याची लेखी व्यवस्थाही तेव्हाच व्हावी. वारसाच्या बाबतीत जैनांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे. म्हणजे मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क. मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही; दोन साक्षीदार पुरतात. सोसायटीतील नामनिर्देशन म्हणजे वारसपत्र नव्हे.

आणि एक गोष्ट उरते, ती बँकेच्या कोणत्याही अर्जात नाही. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रह परिमाणात, ज्या वस्तूंची मर्यादा ठरवायची त्यांत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचीच नावे आधी येतात. पहिले घर निर्वेध होताच दुसऱ्या सदनिकेची जाहिरात कापून ठेवणारी कुटुंबे समाजात थोडी नाहीत. दुसरे घर घेण्यात पाप आहे असे नव्हे. गरज असेल तर ते घ्यावेच. परंतु मर्यादा ठरवायची, तर ती हप्ता संपल्यावर आणि नव्या अर्जावर सही होण्यापूर्वीच ठरते. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने नगरात रुग्णालय चालते. सुटलेल्या हप्त्याचा दहावा भाग, महिन्याला दोन-सव्वादोन हजार रुपये, औषधदानासाठी वा एखाद्या साधर्मिक मुलाच्या शुल्कासाठी त्याच पहिल्या तारखेला वळता करण्याची सूचना बँकेस देता येते. हप्त्याची जुनी संमती रद्द करण्याचा अर्ज देतानाच हा दुसरा अर्ज भरता येतो. शाखेत दोन वेळा जावे लागत नाही.